हिरव्या रंगाची विलायती दुनळी

आमच्या दुकानातली सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे दाराचा उंबरा. त्याला अडखळून चाळीस वर्षांत तीन गिऱ्हाइकं पडली, त्यातल्या एकाचा हात मोडला. बंदुकीने मात्र कुणाला साधा ओरखडा आला नाही. तरी लोक उंबरा ओलांडताना बिनधास्त यायचे आणि भिंतीवरच्या बंदुका पाहिल्या की आवाज खाली करून बोलायचे.

नांदेडच्या इतवाऱ्यात आमचं दुकान होतं. माझ्या आजोबांनी निजामाच्या अमलात अधिकाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त केल्या, अब्बांनी तेच केलं, मीही तेच केलं. मला सगळे करीम मिस्त्री म्हणतात. दुरुस्तीबरोबर सरकारी परवान्यावर जुन्या बंदुका विकत घ्यायच्या, नीट करायच्या आणि परवानाधारकाला विकायच्या, हा आमचा धंदा. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकाला वरातीपुरती दुपारभर बंदूक भाड्याने हवी होती. एकाने नेम लागायची गॅरंटी मागितली. मी म्हटलं, बंदुकीची देतो, तुमची तुम्ही आणा.

आता निवृत्त झालो तरी लोक एकच विचारतात: मिस्त्री, जुनी शिकारी बंदूक स्वस्तात कशी मिळवायची? लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्यात विचारतात. इतकी वर्षं मी हसून टाळलं. आज सांगून टाकतो.

शिकार बंद होऊन जमाना झाला, पण शिकारी बंदुका आहेत तिथेच आहेत. पिकाच्या राखणीसाठी म्हणून घराघरात परवाने चालत आले. परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवता येत नाही. ती ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्या दुकानदाराकडे जमा करावी लागते. वारसाला परवाना मिळाला तर बंदूक त्याची, नाहीतर विकायची. मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरीत. त्यांना बंदूक म्हणजे कचेरीचे हेलपाटे. घरातल्या बायकांना ती आधीपासूनच नको असते. स्वस्त बंदूक मिळते ती अशा घरातून. फक्त आपण चेहरा सांभाळायचा. बंदुकीकडे कमी बघायचं आणि चहाकडे जास्त बघायचं.

बाकी पारख अवघड नाही. नळी उजेडाकडे धरून आतून बघायची. आत गोल गोल कडी दिसतात, पाण्यात खडा टाकल्यावर दिसतात तशी. एखादं कडं वाकडं दिसलं तर तिथे नळीला पोचा आहे. दुनळी असेल तर दोन्ही नळ्या सुट्या करून बोटाला अडकवायच्या आणि टिचकी मारायची. जोड पक्का असेल तर घंटेसारख्या वाजतात, कुठे सुटला असेल तर फुटक्या मडक्यासारख्या.

हे सगळं मला उत्तम येत होतं आणि त्याची मला थोडी मस्तीही होती. ती गयाबाईंनी उतरवली.

सात-आठ वर्षं झाली. लोह्याच्या पुढे माळाकडच्या एका गावाहून गयाबाई दुकानात आल्या. वय सत्तरीचं, अंगाने काटक, डोक्यावर पदर. नवरा वारून वर्ष झालं होतं. त्यांची बंदूक ठाण्यात जमा होती. विकायची परवानगी आणि ठाण्याचा कागद घेऊन त्या थेट माझ्याकडे आल्या होत्या. सोबत आलेल्या शिपायाने पोत्यात गुंडाळलेली बंदूक टेबलावर ठेवली आणि तो पान खायला गेला.

पोतं सोडलं आणि मला हसू आवरेना. बंदूक हिरवीगार होती. नळ्या हिरव्या, खांद्याला टेकवायचा दस्ता लाल, आणि मधल्या लोखंडावर पिवळे ठिपके.

"हे काय केलंय, मावशी?"

"पोळ्याला गाडी रंगवायचे मालक. रंग उरला की बंदुकीला लावायचे. गंज धरत न्हाई म्हणायचे."

वीस-पंचवीस पोळ्यांचा रंग होता तो, थरावर थर. नळ्यांखाली डाव्या हाताने धरायला जे लाकूड असतं, त्या जागी बाभळीचा ओबडधोबड तुकडा तारेने आवळलेला होता. भंगारच म्हणायचं. पण चापाजवळ रंगाचा एक पोपडा उडाला होता. टेबलाखाली धरून मी तिथे नख घासलं. खालून बारीक कोरलेली एक चोच दिसली. मग डोळा. मग पाण्यातून उडणाऱ्या बदकाची मान.

मी घाईने अंगठ्याने ती जागा झाकली. असं कोरीव काम विलायतेतल्या जुन्या हाताच्या कारागिरांचं. अब्बांच्या हयातीत अशी एकच बंदूक आमच्या दुकानात आली होती, तीही दुरुस्तीला.

मी चहा मागवला. नळ्या सुट्या केल्या. टिचकी तर मारायची होती, पण नळ्या चांगल्या वाजल्या तर समोरच्याला कळायचं. म्हणून मी जोरात खोकलो आणि खोकता खोकता टिचकी मारली. नळ्या अशा वाजल्या की माझा खोकला संपला तरी त्यांचा नाद संपेना. मी आणखी खोकलो.

गयाबाई बशीतला चहा फुंकत होत्या. म्हणाल्या, "दवा घ्या मिस्तरी."

"धूळ हो, मावशी. आता हिचं काय करायचं सांगा. रंग खरवडायचा, लाकूड नवं बसवायचं. घेणार कोण हिला?"

"तुम्ही बघा की. तुमच्याइतकं म्हायती मला कुठलं असायचं."

मी भाव सांगितला. किती, ते इथे लिहीत नाही, कारण हा अंक माझी बायको शमीमही वाचणार आहे. गयाबाईंनी घासाघीस केली नाही. कागदावर स्वच्छ अक्षरात सही केली आणि गेल्या. त्या वेळी मला वाटलं, बिचारी.

रंग उतरवायला आठ दिवस लागले. खालून जे निघालं ते पाहायला बाजारपेठेतले चार जुने कारागीर येऊन गेले. एका बाजूला उडणारी बदकं, दुसऱ्या बाजूला गवतात दबलेला कुत्रा, आणि कुत्र्याच्या पाठीवरचा केसन्‌केस कोरलेला. कारखान्याचं नाव लंडनचं. मी त्याच दिवशी लातूरच्या एका हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांना नेमबाजीचा नाद होता, परवाना मंजूर झालेला होता आणि विलायती दुनळीसाठी ते दोन वर्षं माझ्या मागे लागले होते. परवान्यावर बंदूक घ्यायची मुदत असते. त्यांची मुदत दिवाळीपर्यंत होती. ते गाडी घेऊन तासाभरात निघाले, बंदूक बघितली, लहान मूल घ्यावं तशी हातात घेतली आणि मग त्यांचं लक्ष बाभळीच्या तुकड्याकडे गेलं.

"मिस्त्री, हे काय?"

"बदलून देतो."

"ओरिजिनल कुठंय?"

इथे वाचकांना सांगायला पाहिजे. दुनळीचे तीन भाग असतात: नळ्या, दस्ता आणि हे पुढचं लाकूड. लाकूड म्हणतो खरं, पण त्याच्या पोटात लोखंडी कळ असते. तीच नळ्यांना जागेवर पकडते आणि झाडलेली काडतुसं बाहेर फेकते. तिन्ही भागांवर एकच नंबर असतो. लाकूड मी करून दिलं असतं, पण ती कळ त्याच बंदुकीसाठी घासून बसवलेली असते. नवी करायची तर सहा महिने, आणि केली तरी बंदूक जोडकामाची झाली. डॉक्टर म्हणाले, तुटलेलं हाड मी जोडतो, पण दुसऱ्याचं हाड बसवत नाही. ओरिजिनल मिळालं तर फोन करा.

रात्री शमीमने विचारलं, "उस बुढ्ढी को लुटे ना तुम?"

मी म्हटलं, धंदा आहे. ती माझ्या ताटात भाजी वाढायची विसरली.

दुसऱ्या दिवशी मी लोह्याची बस धरली, तिथून जीपने गयाबाईंचं गाव. घर पक्कं, अंगणात ट्रॅक्टर, ओसरीवर हायब्रीड ज्वारीची पोती. गयाबाई भुईमुगाच्या शेंगा निवडत होत्या. मला बघून त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

"या मिस्तरी. खोकला बरा हाय का आता?"

मी खाली बसलो. पाणी प्यालो. म्हटलं, "मावशी, त्या बंदुकीचं पुढचं लाकूड..."

त्या उठून आत गेल्या. कणगीत हात घालून त्यांनी नवऱ्याच्या जुन्या धोतराची एक घडी काढली आणि माझ्यासमोर उलगडली. लाकूड अक्रोडाचं, काळंभोर, तेल पाजलेलं. आतली कळ नव्यासारखी चकचकीत. नंबर तोच. मी हात पुढे केला तर त्यांनी घडी पुन्हा मिटली.

"निजामी गेली तवा जहागीरदारानं माझ्या सासऱ्याला दिली ही बंदूक. सांगून गेला, तिन्ही भाग येका नंबराचे हाईत, इस्कटू नका. मालक रंग लावायचे तवा हे मी बाजूला काढून ठिवायचे. बाभळीचं बसवून द्यायचे."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं?"

"तुम्ही नळ्या वाजवल्या तवा खोकला तुम्हाला आला, मला न्हाई." त्या शेंगा निवडायला लागल्या. "तुम्ही मला भाव कमी दिला. म्या तुम्हाला बंदूक कमी दिली. फिट्टंफाट."

चाळीस वर्षांच्या धंद्यात मला असं कुणी पकडलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं, याचा भाव सांगा."

"पैसं नको. मला लायसन पाहिजे. माझ्या नावाचं. आन येक हलकी येकनळी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या नवऱ्याला तिशीतच डोळ्यांचा त्रास सुरू झाला होता. दहा हातांवरचं नीट दिसायचं नाही. परवाना नवऱ्याचा, पण माळाकडच्या शेतात रानडुकरांचा कळप उतरला की बार काढायच्या गयाबाई. गावाला माहीत होतं, गाव बोलत नव्हतं. नवरा गेला, बंदूक ठाण्यात गेली आणि डुकरं पहिल्यांदा विहिरीपर्यंत आली. एका पंधरवड्यात निम्मा भुईमूग उकरला. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, आई, तेवढं रान पडीक टाक. त्या एकट्या कचेरीत गेल्या. तिथला बाबू हसला. म्हणाला, आजी, बंदूक का काठी पाहिजे? नातवाला पाठवा.

"तो हसला ते जाऊ द्या," गयाबाई म्हणाल्या. "पर ती दुनळी आता मला पेलत न्हाई. खांदा ऱ्हायला न्हाई पहिला. म्हणून इकली. न्हाईतर तुमच्या त्या भावात कोण देतंय?"

मी म्हटलं, मी दुकानदार आहे, कलेक्टर नाही. त्या म्हणाल्या, "फारम तर भरता येतो ना? कचेरीचं दार म्हायती हाय ना? लायसन हातात येईल त्या दिवशी लाकूड न्या."

डॉक्टरांची मुदत दिवाळीपर्यंत आणि परवान्याचं काम म्हणजे महिनोन्‌महिने. मी लातूरला फोन केला. मुदत वाढवून घ्या म्हटलं. बाकीच्यांना रांगेत बसवणारे डॉक्टर त्यासाठी दोन दिवस कचेरीच्या रांगेत उभे राहिले आणि दर तासाला मला फोन करून शिव्या देत राहिले. इकडे मी गयाबाईंचे फॉर्म भरले, सातबारा जोडला, पोलीस पाटलाचा दाखला जोडला, पिकाच्या नुकसानीचा पंचनामा जोडला. तो हसणारा बाबू मला ओळखत होता. मी त्याला म्हटलं, काठीचा नाही, बंदुकीचा अर्ज आहे, पोच द्या.

मग प्रशिक्षण. हल्ली परवान्याआधी बंदूक सुरक्षित हाताळायला शिकल्याचं प्रमाणपत्र लागतं. नेमबाजीच्या मैदानावर फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार शिकवायचे. जाताना रिक्षात मी गयाबाईंना बजावलं, "मावशी, तुम्ही आयुष्यात बंदुकीला हात लावलेला नाही. कळलं? दुसऱ्याच्या परवान्यावर बार काढणं गुन्हा आहे. नेम लागला तर दोघांचीही पंचाईत."

"हाव. म्या अडाणी बाई."

आणि काय वठवलं त्यांनी. बंदूक हातात दिली तर तिचा दस्ता काखेत धरला. काडतूस उलटं घालायला गेल्या. चाप कुठला म्हणून विचारलं. पहिला बार आभाळात, दुसरा मातीत. हवालदार बिचारे सज्जन, दर वेळी "काही हरकत नाही मावशी" म्हणत होते. मी मनात खूश. सगळं बेताप्रमाणे चाललं होतं.

शेवटी हवालदारांनी बंदूक परत घेतली आणि माझ्याकडे वळून, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बायामाणसाला नाही जमत हो हे. वयही झालंय. राहू द्या, हाताळणी शिकवली, तेवढ्यावर सर्टिफिकेट देतो मी."

गयाबाईंनी पदर कमरेला खोचला. मला ते दिसलं आणि मी मान हलवून नको नको म्हणत होतो, पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"हवालदार, आणिक तीन काडतुसं द्या."

बांधावर तीन डबे मांडलेले होते. पहिला उडाला. काडतूस काढलं, दुसरं घातलं, बंद केली, दुसरा उडाला. तिसऱ्याला तर खांद्याला नीट लागायच्या आत बार निघाला आणि डबा बांधापलीकडे गेला. गयाबाईंनी बंदूक मधून मोडून उघडली, रिकामी केली आणि नियमाप्रमाणे नळी जमिनीकडे करून हवालदारांच्या हातात दिली.

"मावशी," हवालदार सावकाश म्हणाले, "हे कुठं शिकलात?"

"आत्ता. तुम्हीच शिकवलं की."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. त्यांनी प्रमाणपत्र लिहिलं आणि 'प्रगती' या शब्दाच्या पुढे 'उत्तम' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

शेवटी साहेबांपुढे सुनावणी. साहेब म्हणजे तिशीतल्या एक मॅडम होत्या. कागद चाळता चाळता त्यांनी नेमकं तेच विचारलं ज्याची मला भीती होती.

"आजी, घरात इतकी वर्षं बंदूक होती. तुम्ही कधी चालवली का?"

हो म्हटलं तर गुन्हा, नाही म्हटलं तर बंदूक कशाला. मी दाराजवळ उभा होतो.

गयाबाई म्हणाल्या, "बंदूक मालकाची होती, मॅडम. लायसन मालकाचं होतं. खांदा तेवढा माझा दुखायचा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. गयाबाईंकडे बराच वेळ बघितलं. मग ओठ दाबून हसू आवरलं आणि विचारलं, "डुकरं मारायची नाहीत, फक्त हुसकवायची. आवाज करायला बंदूक. हे समजलंय ना?"

"समजलंय."

त्यांनी सही केली.

परवाना हातात आला त्या दिवशी गयाबाई दुकानात आल्या. मी त्यांना दोन एकनळ्या दाखवल्या. त्यांनी दोन्ही बाजूला सारल्या आणि माझ्या पाठीमागच्या कपाटातल्या तिसऱ्या एकनळीकडे बोट केलं. ती मी माझ्या मेहुण्यासाठी ठेवली होती. तीच द्यावी लागली. त्यांनी धोतराची घडी टेबलावर ठेवली. मी लाकूड बंदुकीला लावलं आणि हलक्या हाताने दाबलं. जागेवर बसताना 'टक्' असा आवाज झाला. असा आवाज नव्या बंदुकीतूनही येत नाही. डॉक्टर दुसऱ्या दिवशी येऊन दुनळी घेऊन गेले. एकनळीची किंमत आणि कचेरीच्या हेलपाट्यांचा खर्च वजा जाता माझ्या हाती जे राहिलं, ते ऐकून शमीम पोटभर हसली आणि तिने माझ्या ताटात दोनदा भाजी वाढली.

मी मात्र त्यानंतर काही दिवस बेचैन होतो. गयाबाईंनी एक लाकूड मागे ठेवलं म्हणून त्यांचा हिशोब चुकता झाला. ज्यांनी मागे काही ठेवलं नाही, त्यांचं काय? देगलूरच्या एका मास्तरांच्या बायकोकडून मी असाच चहा पीत, असाच खोकत एक सुंदर बंदूक घेतली होती. त्यांना गाठायला म्हणून मी देगलूरला गेलो. घर बंद. शेजारी म्हणाले, त्या मुलीकडे निजामाबादला गेल्या, पत्ता माहीत नाही. मी त्या बंद दारासमोर थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. तेव्हापासून दुकान बंद करेपर्यंत नळ्या मी गिऱ्हाइकासमोर मोकळ्या वाजवल्या. आवाज चांगला आला तर चांगला आला असं सांगितलं. नफा घटला. बंदूक स्वस्तात घ्यायची युक्ती मला येते, पण ती कुणाला शिकवायची नाही असं तेव्हाच ठरवलं होतं, आणि वर सगळी शिकवून बसलो. आता तुमचं तुम्ही बघा.

पुढच्या हंगामात लोह्याला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाकडी वाट करून गयाबाईंच्या शेतात गेलो. भुईमूग हिरवागार उभा होता. विहिरीपर्यंत कुठेही उकरलेलं नव्हतं. बांधाच्या कडुलिंबाखाली त्या बसल्या होत्या, एकनळी मांडीवर आडवी, मोडून रिकामी ठेवलेली.

"किती बार काढावे लागले, मावशी?"

"येकच."

"मग डुकरं आली नाहीत परत? लागलं की काय एखाद्याला?"

"छे. आभाळात काढला." त्यांनी माळाकडे बघितलं. "लागायची गरजच न्हाई, मिस्तरी. त्यांनी वळखलं कोण आलंय ते."